ब्रेकअप झालं, गाडी त्याच्याकडे, हप्ता माझ्या खात्यातून: कार लोनमधून नाव कसं काढायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ताई पिंपरी-चिंचवडच्या आहेत, पार्टनरबरोबर लग्न न करता राहत होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये दोघांनी गाडी घेतली, नऊ लाखांचं लोन, सात वर्षं, सव्वानऊ टक्के. आरसी त्याच्या नावावर, लोनला पहिलं नाव त्याचं, ताई को-ऍप्लिकंट, कारण त्याचा स्वतःचा धंदा आणि रिटर्न्समध्ये उत्पन्न कमी दिसत होतं. हप्ता १४,५९५ रुपये, तो जातो ताईंच्या सॅलरी अकाउंटमधून. सप्टेंबर २०२५ ला दोघं वेगळे झाले, गाडी तो घेऊन गेला. आता म्हणतो की "पुढचे हप्ते मी देत जाईन, तुझं नाव राहू दे, काय बिघडतं". ताई विचारतायत की हप्ता बंद करू का आणि नाव कसं निघेल.

ताई, हप्ता आज बंद करू नका. राग येणं अगदी साहजिक आहे, गाडी तो फिरवतोय आणि पैसे तुमचे कापले जातायत, पण मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, तुमच्या खात्याची आहे, हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक चार्ज लावणार, लोनवाली बँक वेगळा लावणार, आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ऍक्ट २००७ चं कलम २५ आहे त्यात इलेक्ट्रॉनिक हप्ता बाउन्स होणं हे चेक बाउन्ससारखंच धरलं जातं, म्हणजे नोटीस आली तर ती खातेदाराला, गाडी चालवणाऱ्याला नाही. मी वाहन कर्जाचंच काम करतो, आधी बँकेत होतो, आता लोकांच्या बाजूने फाइली करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा केसेसमध्ये सगळ्यात जास्त नुकसान याच एका गोष्टीने झालेलं दिसतं, की भांडणाच्या भरात मँडेट कॅन्सल केला आणि शिक्षा त्याला होईल असं वाटलं.

आता मूळ मुद्दा. गाडीच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि लोक त्या एकच समजतात: लोन कोणाच्या सहीवर आहे, आरसीवर कोणाचं नाव आहे, आणि चावी कोणाकडे आहे. एकत्र राहत होता तोपर्यंत या तीन गोष्टी कुठे आहेत याने काही फरक पडत नव्हता. वेगळं झाल्यावर त्या तिन्ही एकाच माणसाकडे गेल्या पाहिजेत, नाहीतर गाडी विकून तिन्ही संपवल्या पाहिजेत. मधला मार्ग म्हणजे "नाव राहू दे, मी भरतो", तो मार्ग नाहीच, तो फक्त पुढे ढकलणं आहे. तुमच्या केसमध्ये तर सगळ्यात वाईट वाटणी झालीये, कर्जाची पूर्ण जबाबदारी तुमच्यावर आणि गाडीवर कागदोपत्री हक्क शून्य.

पूर्ण जबाबदारी म्हणतोय ते मुद्दाम. बऱ्याच जणांना वाटतं दोन नावं आहेत म्हणजे निम्मं माझं निम्मं त्याचं. तसं नसतं. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ऍक्ट १८७२ चं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर समोरचा कोणा एकाकडूनही सगळं वसूल करू शकतो. बँकेला नियमित पगार दिसतो तो तुमचा, त्यामुळे फोन आधी तुम्हालाच येणार. त्याच कलमात हेही आहे की ज्याने जास्त भरलं त्याला दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागता येतो, म्हणजे कायदा तुमच्या बाजूने आहे पण तो तुमच्या आणि त्याच्यातला विषय, बँकेचा त्या वादाशी संबंध नाही. तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, म्हणून स्टेटमेंट्स जपून ठेवा, पीडीएफ डाउनलोड करून स्वतःच्या मेलवर टाका.

लग्न झालेल्यांनाही हेच लागू आहे, उलट त्यांची फसगत जास्त होते कारण त्यांच्या हातात कोर्टाचा कागद असतो. नाशिकच्या एका ताईंची फाइल आठवते. परस्पर संमतीने घटस्फोट झाला, कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींत, स्वच्छ लिहिलेलं की गाडीचे सगळे हप्ते पती भरेल. त्या निश्चिंत. वर्षभराने फ्लॅटसाठी होम लोनला अर्ज केला आणि फाइल अडकली, सिबिल रिपोर्ट काढला तर कार लोनच्या रांगेत महिन्यांच्या चौकटी असतात ना, त्यात ०००, ०००, ००० असं चाललेलं आणि मग एकदम ०३०, पुढे ०६०. म्हणजे साठ दिवस थकलेलं. नवऱ्याने हप्ते चुकवलेले आणि यांना पत्ताच नाही, कारण बँकेचे मेसेज पहिल्या अर्जदाराच्या मोबाइलवर जातात. त्या डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, घेऊन ब्रँचला गेल्या तर मॅनेजर म्हणाले, मॅडम हा तुमच्या दोघांतला करार आहे, आम्ही यात पार्टी नव्हतो. आणि ते बरोबरच होतं. शेवटी थकबाकी स्वतः भरून त्यांनी होम लोन मार्गी लावलं, मग डिक्रीच्या आधारे वसुलीला लागल्या. ज्यांचा घटस्फोट चालू आहे त्यांनी वकिलांना आत्ताच सांगा की टर्म्समध्ये "पती हप्ते भरेल" एवढं नको, "अमुक तारखेच्या आत लोन बंद करून क्लोजर लेटर दाखवेल, त्यानंतरच बाकीची रक्कम दिली जाईल" असं पाहिजे.

तर ताई, तुमचं काम या आठवड्यात काय. ब्रँचला जा, को-ऍप्लिकंट म्हणून स्वतः अर्ज द्या, त्याची सही लागत नाही. लोन अकाउंट स्टेटमेंट मागा, फोरक्लोजर स्टेटमेंट (लोन मुदतीआधी बंद करायला किती भरावे लागतील तो कागद) मागा, आणि तुमचा मोबाइल आणि ईमेल लोनला जोडून घ्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं. अर्जाची एक कॉपी शिक्का मारून परत घ्या, तोंडी "हो करतो मॅडम" वर निघून येऊ नका. आणि त्याच्याकडून "बँकेची फॉर्मॅलिटी आहे, एक ओटीपी आलाय तेवढा सांग" असा फोन आला तर सांगू नका, टॉप-अप, म्हणजे चालू लोनवरच वाढीव लोन, आजकाल ई-साइनवर होतं आणि सध्याच्या लोनवर टॉप-अपला तुमची संमती लागते.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. तीस हप्ते गेलेत असं धरतो. नऊ लाखांपैकी मुद्दल अजून साधारण ६ लाख ४३ हजार बाकी असणार, सव्वाचार लाखांहून जास्त भरूनही, कारण पहिल्या वर्षांत हप्त्यातला व्याजाचा वाटा जास्त असतो. फिक्स रेटचं लोन असेल तर फोरक्लोजर चार्ज लागेल, तो बँकेप्रमाणे बदलतो, समजा तीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अजून पावणेतेवीस हजार. एकूण ६ लाख ६५ हजारांच्या आसपास लोन बंद होईल. आणि तुम्ही लिहिलंय की डीलरने गाडीचे ६ लाख २० हजार सांगितले. कमी वाटले असतील पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, नवीन गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो. म्हणजे आज गाडी विकली तरी ४५ हजार खिशातून घालावे लागतील.

त्यामुळे एक कटू गोष्ट सांगतो, तुम्ही दिलेलं दीड लाखाचं डाउन पेमेंट गाडीतून परत येणार नाही, ते गाडीच्या घसरलेल्या किमतीत गेलं. त्याच्या मागे लागून वाटाघाटी अडवून ठेवू नका. ज्या पंचवीस हप्त्यांत तुम्ही एकत्र होता त्यांचाही हिशोब मी उकरणार नाही, तुम्हीच लिहिलंय की तेव्हा घरभाडं तो भरायचा. पण वेगळे झाल्यानंतरचे हप्ते, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच हप्ते म्हणजे ७२,९७५ रुपये, ते पूर्ण त्याचे आहेत, निम्मे नाही. गाडी तो वापरतोय, ऑफिसला तुम्ही कॅबने जाताय. या मागणीवर ठाम राहा आणि ती मेलवर लेखी करा, शांत भाषेत, तारखा आणि आकडे टाकून. पुढचा हप्ता कापला जायच्या आधी त्याने तेवढी रक्कम तुम्हाला यूपीआय करावी आणि नोटमध्ये "कार ईएमआय" आणि महिना लिहावा. तो उत्तरात नुसतं "ओके" म्हणाला तरी तो पुरावा आहे.

त्याला गाडी ठेवायची असेल तर ठेवू दे, पण लोन त्याचं स्वतःचं पाहिजे. लोक बँकेत जाऊन म्हणतात को-ऍप्लिकंटचं नाव कमी करा, तर बँक सहसा करत नाही, कारण तुमचा पगार बघूनच लोन दिलेलं. विचारून जरूर बघा, लेखी विचारा, काही बँका दुसरा को-ऍप्लिकंट घेऊन, म्हणजे त्याचे वडील किंवा भाऊ, पुन्हा उत्पन्न तपासून बदल करतात. नाहीतर दुसरा रस्ता म्हणजे त्याने दुसऱ्या ठिकाणाहून यूज्ड कारवर नवीन लोन घ्यायचं आणि त्या पैशातून हे बंद करायचं. इथे अडतं कुठे ते सांगतो. नवीन लोन गाडीच्या आजच्या किमतीवर मिळतं, बाकी कर्जावर नाही. ६ लाख २० हजारच्या ८५ टक्के धरले तर ५ लाख २७ हजार, आणि बंद करायला लागतात ६ लाख ६५, म्हणजे १ लाख ३८ हजार त्याला रोख उभे करावे लागणार आणि वर व्याजदरही जास्त. इथे आला की तो म्हणणार "एक वर्ष थांब ना". थांबू नका. त्याला दोन महिन्यांची तारीख द्या, लेखी द्या, आणि त्यात झालं नाही तर गाडी विकायची हे आधीच ठरवून घ्या. जमलं तर हे ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा, महाराष्ट्रात आता १०० चा चालत नाही, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरी. बँकेवर तो कागद बंधनकारक नसतो पण उद्या त्याच्याकडून पैसे मागायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

माझं मत विचाराल तर विकाच. ४५ हजारांचा तोटा निम्मा निम्मा केला तर तुमच्या वाट्याला साडेबावीस हजार येतात, आणि त्या बदल्यात उरलेल्या ५४ हप्त्यांच्या, म्हणजे पावणेआठ लाखांहून जास्तीच्या जबाबदारीतून तुम्ही सुटता. शिवाय त्याच्याकडून येणं असलेले ७२,९७५ आहेतच, तोटा त्यातून वळता करायला सांगा. विक्री मोठ्या किंवा ओळखीच्या डीलरला करा, थेट गिऱ्हाईकाला भाव थोडा जास्त येतो पण लोन चालू, आरसी त्याची, सह्या दोघांच्या, यात गिऱ्हाईक कंटाळून पळतं. तीन ठिकाणी गाडी दाखवा आणि तिन्ही कोटेशन त्याला पाठवा म्हणजे "स्वस्तात घालवली" हे नंतर ऐकावं लागणार नाही.

विकताना पैसे कसे फिरतात ते नीट बघा. डीलरने लोनची रक्कम थेट बँकेच्या लोन अकाउंटला भरायची, त्याच्या सेव्हिंगला नाही. फोरक्लोजर स्टेटमेंटवर किती तारखेपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं आणि रोजचं व्याजही, त्यामुळे ते आधी काढून ठेवलेलं चालत नाही, ज्या दिवशी व्यवहार त्याच आठवड्याचं पाहिजे. तुमच्या वाट्याची तूट तुम्ही तुमच्या खात्यातून लोन अकाउंटलाच भरा, त्याच्या हातात देऊ नका. पैसे पोचले की बँकेकडून तीन गोष्टी येतात, क्लोजर लेटर, एनओसी आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती. फॉर्म ३५ म्हणजे आरटीओच्या रेकॉर्डवरचा बँकेचा बोजा काढायचा कागद, ज्याला एजंट लोक एचपी काढणं म्हणतात. लोन संपलं तरी हे केलं नाही तर परिवाहन या सरकारी पोर्टलवर बँकेचं नाव तसंच दिसत राहतं. एनओसीला मुदत असते, बऱ्याच ठिकाणी ९० दिवस, ती तारीख बघा. आणि बँकेने कागद रखडवले तर आरबीआयचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासूनचा, कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ब्रँचमध्ये हा नियम नुसता लेखी अर्जात नमूद केला तरी टेबल हलतं.

आरसी त्याच्या नावावर असल्यामुळे ट्रान्स्फरचे फॉर्म २९ आणि ३० त्याच्या सहीने जाणार, मोशीच्या आरटीओची ती धावपळ त्याची किंवा डीलरची, तुमची नाही. तो सही करायला टाळाटाळ करत असेल तर तिथे मात्र तुम्हाला जोर लावावा लागेल, वकिलाची एक नोटीस, त्यात कलम ४३ आणि भरलेल्या हप्त्यांचा तक्ता. बहुतेक वेळा एवढ्यावर माणूस बोलायला बसतो, कारण त्यालाही पुढे कुठलंही लोन घ्यायचं तर हे लोन त्याच्या सिबिलवर आहेच आणि बँकेच्या एनओसीशिवाय तो गाडी विकूही शकत नाही.

स्पेअर चावी तुमच्याकडे आहे असं लिहिलंय. ती वापरून गाडी उचलून आणायचा विचार डोक्यातून काढा. हप्ते तुम्ही भरले हे खरं पण आरसी त्याची, तो चोरीची तक्रार देऊ शकतो आणि मग हप्त्यांचा विषय बाजूला राहून तुम्ही चौकीत उत्तरं देत बसाल. चावी व्यवहाराच्या दिवशी डीलरसमोर द्या.

ज्यांची केस उलटी आहे, म्हणजे आरसी तुमच्या नावावर आणि गाडी एक्सकडे, त्यांनी हे वाचून निवांत होऊ नका, तुमचा धोका वेगळा आणि मोठा आहे. चलन तुमच्या मोबाइलवर येणार, फास्टॅग तुमच्या केवायसीवर, ते ठीक, पैशात भागेल. पण अपघात झाला तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी. त्या दिवशी इन्शुरन्स संपलेला असेल तर क्लेमची रक्कम तुमच्या डोक्यावर. म्हणून गाडी ताब्यात नसेल तरी इन्शुरन्सची तारीख तुम्ही बघा, तो भरत नसेल तर थर्ड पार्टी तरी तुम्ही भरा, आणि पैसे नंतर मागा. डीलरला विकत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरने पोर्टलवर फॉर्म २९सी, म्हणजे गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद, भरला की ती तारीख तुमच्या सुटकेची, तो भरून घेतल्याशिवाय गाडी सोडू नका, आणि सोडताना मीटरचा फोटो, तारीख, वेळ. आणि गाडी घेताना नॉमिनी म्हणून एक्सचं नाव दिलं असेल तर तेही बदला, हे सगळे विसरतात.

एक गोष्ट ताई तुमच्या प्रश्नात ओळींच्या मध्ये दिसली म्हणून विचारतो, तो घरी येऊन धमकावतो वगैरे असं काही आहे का. असेल तर गाडीचा हिशोब नंतर. लग्न झालेलं नसलं तरी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही लागू होतो, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, प्रोटेक्शन ऑफिसरशी बोला, आणि त्यात पैशाच्या नुकसानीचीही मागणी करता येते. समोरासमोर मीटिंग करू नका, ब्रँचमध्ये भेटा किंवा बरोबर कोणीतरी असू द्या.

लोन बंद झाल्यावर साधारण महिन्याने सिबिल काढा. वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क चारही ठिकाणी. जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते त्यामुळे तोवर "क्लोज्ड" दिसायला हवं. "सेटल्ड" दिसलं तर लगेच तक्रार करा, तो शब्द म्हणजे बँकेने कमी पैशात तडजोड केली असा अर्थ होतो आणि पुढच्या लोनला नडतो. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायची तरतूद आहे. बँक ऐकतच नसेल तर ३० दिवसांनी आरबीआय लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. आणि लोनबरोबर लोन सुरक्षा नावाचा एकरकमी इन्शुरन्स गळ्यात मारलाय का तेही स्टेटमेंटमध्ये बघा, लोन लवकर बंद केलं तर त्याच्या प्रीमियमचा काही भाग परत मिळू शकतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आता फक्त एक काम करा, सँक्शन लेटर काढून बघा की तुमच्या नावापुढे को-बॉरोअर लिहिलंय की गॅरंटर, आणि रेट फिक्स आहे की फ्लोटिंग. गॅरंटर असाल तरी वसुलीला फरक पडत नाही पण नोटीसचा मसुदा बदलतो, आणि फ्लोटिंग असेल तर वर धरलेले पावणेतेवीस हजार लागणारच नाहीत, वैयक्तिक वापराच्या फ्लोटिंग लोनवर बँकेला तो चार्ज घेता येत नाही. म्हणजे ४५ हजारांची तूट बावीस-तेवीस हजारांवर येईल. ते बघून कळवा, मग त्याला पाठवायच्या मेलमधले आकडे त्याप्रमाणे बदलून देतो.